रब्बी ज्वारीचे ताट : त्याचे अवयव आणि त्यांची कामे

पीक कसे आले हे ठरविताना शेतकऱ्याची नजर प्रथम कणसाकडे जाते व मग ताटाच्या उंचीकडे. हे स्वाभाविकच आहे. कणसावर घरातील माणसांचे वर्ष अवलंबून असते आणि कडब्यावर गोठ्यातील जनावरांचे. परंतु कणीस हा ताटाचा सर्वांत शेवटी येणारा अवयव होय. ते पोटरीतून बाहेर पडण्यापूर्वी दोन-सव्वादोन महिने मुळे, खोड व पाने ही आपापली कामे करीत असतात, आणि त्या कामांत राहिलेली उणीव पुढे सहसा भरून निघत नाही. कणसे बारीक राहिली तर त्याचे कारण जानेवारीत शोधून सापडत नाही. ते बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच घडून गेलेले असते.

वनस्पतीचे अवयव कोणत्याही पिकावर दाखविता येतील. येथे रब्बी ज्वारी घेतली आहे, ती दोन कारणांसाठी. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत ती घरोघरी परिचित आहे, आणि प्रत्येक अवयवाचे काम तिच्यात इतर पिकांपेक्षा अधिक उघडपणे दिसून येते. खरिपाच्या पिकाची एखादी चूक पुढचा पाऊस झाकून टाकतो. रब्बीची ज्वारी मात्र पावसाळा सरताना पेरली जाते आणि पुढचे चार महिने बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच काढते.

एका ताटाच्या वाट्याचे पाणी

ताटाच्या अवयवांकडे वळण्यापूर्वी या ओलीचा हिशेब पाहणे उपयोगी पडेल. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अॅक्रन येथे ब्रिग्ज आणि शांत्झ या शास्त्रज्ञांनी १९११ ते १९१३ या काळात निरनिराळी पिके मोठ्या कुंड्यांत वाढवून त्यांनी किती पाणी घेतले हे तोलून पाहिले. एक किलो वाळलेला माल तयार होण्यास ज्वारीला सुमारे ३२० किलो पाणी लागले. गव्हाला ५०० किलोंहून अधिक, तर लसूणघासाला ८०० किलोंहून अधिक लागले. हवा किती कोरडी आहे यावर हे आकडे कमीअधिक होतात, तथापि ज्वारी ही पाण्याच्या बाबतीत काटकसरी आहे हा त्यांतील मुख्य मुद्दा सर्वत्र खरा ठरला आहे.

आता एक हेक्टर शेतात दाणे व कडबा मिळून ५ टन माल यावा अशी अपेक्षा धरली, तर त्यासाठी सुमारे १,६०० टन पाणी पिकाच्या अंगातून जावे लागेल. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० टन. म्हणजे हे पाणी १६० मिलिमीटर झाले. ४५ सेंटिमीटरच्या ओळीत १५ सेंटिमीटरवर एक याप्रमाणे ताटे ठेवली असता हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटे बसतात. भागाकार केला तर एका ताटाच्या वाट्याला सारे मिळून सुमारे ११ लिटर पाणी येते. लहानशी बादलीभरच ते. पेरणीपासून काढणीपर्यंत ताटाने जे काही करावयाचे ते एवढ्यात. उन्हाने जमिनीतून परस्पर उडून जाणारे पाणी व तणांनी पिऊन टाकलेले पाणी या हिशेबात धरलेलेच नाही.

विरळणी करताना हात आखडता घेणाऱ्या शेतकऱ्यास हा हिशेब अवश्य सांगावा. एका जागी दोन रोपे ठेवल्याने बादली दोन होत नाहीत.

दाणा व कोंब

ज्वारीचा दाणा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी धारदार पात्याने उभा कापला असता त्याचे तीन भाग दिसतात. वरची साल, आतील पांढरा पिठूळ साठा, आणि एका बाजूस खोलगट डागासारखा दिसणारा अंकुर. वजनाने सर्वांत मोठा भाग साठ्याचा. अंकुर दाण्याच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच. पण जिवंत रोप त्या अंकुरातच असते. बाकीचा साठा म्हणजे त्याला पहिल्या काही दिवसांसाठी बांधून दिलेली शिदोरी होय. किडीने नेमका अंकुर पोखरलेला दाणा दळण्याच्या उपयोगी पडेल, पेरण्याच्या नाही.

ओल मिळताच प्रथम मूळ खाली जाते व मागाहून कोंब वर येतो. कोंबावर टोकदार टोपीसारखे आवरण असते. त्याच्या आधाराने नाजूक पाने माती भेदून वर येतात. उजेड दिसला की टोपी उघडते व पहिले पान बाहेर पडते. तोपर्यंतचा सारा खर्च शिदोरीतूनच होतो. यास्तव बी ५ सेंटिमीटरच्या आसपास पडेल अशी पाभर धरावी. फार खोल पडलेल्या बियाची शिदोरी वाटेतच संपते, आणि उथळ पडलेल्याच्या भोवतालची माती अंकुर फुटण्याआधीच सुकते.

दाणे काणीच्या बुरशीचे बीजाणू बियाच्या सालीवर चिकटून असतात व कोंब जमिनीतून वर येत असतानाच त्यात शिरतात. मग चार महिने ताट निरोगी दिसते आणि कणसात मात्र दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. ३०० मेशचे गंधक एका किलो बियास ४ ग्रॅम याप्रमाणे पेरणीपूर्वी चोळल्यास ही वाट बंद होते. कणसात काणी दिसल्यावर करण्यासारखा उपाय उरत नाही.

मुळे

ज्वारीला मुळांचे दोन संच असतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आलेली नसते. अंकुरातून निघते ते बीजमूळ. ते एकच असते व सरळ खाली जाते. पुढे रोपाला तीन-चार पाने आली म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, खोडाच्या अगदी तळच्या गाठींतून मुळांचा दुसरा संच फुटू लागतो. बी थोडे खोल पडले असले तरी ही मुळे साधारण याच थरातून निघतात. ताटाला पुढे पोसणारी व उभे धरणारी खरी मुळे हीच.

येथेच रब्बी ज्वारीची पहिली अडचण उभी राहते. ज्या थरातून ही मुळे फुटावयाची तो वरचा थर ऑक्टोबरच्या उन्हाने सर्वांत आधी कोरडा पडतो. मूळ कोरड्या मातीत शिरत नाही. गाठीतून ते अर्धा-एक सेंटिमीटर बाहेर येते, पुढे ओल सापडली नाही म्हणजे टोक वाळते आणि खुंटते. असे रोप एकट्या बीजमुळावर तग धरून राहते, हिरवेही दिसते. परंतु त्याची वाढ रखडते आणि पुढे वाऱ्याने ते सहज कलते. शेतात अशी रोपे आढळल्यास एक-दोन उपटून पाहावीत. बुंध्याशी आखूड, तपकिरी झालेली मुळांची टोके दिसली तर दोष खताचा नसून वरच्या ओलीचा आहे हे समजावे.

पीक तीन आठवड्यांचे होताच पहिली कोळपणी करावी असे जे सांगितले जाते, त्याचे एक कारण तण हे आहे. पण तेवढेच नाही. कोळप्याने वरची दोन-तीन बोटे माती भुसभुशीत होऊन तिचे पांघरूण खालच्या ओलीवर पसरते, आणि थोडी माती रोपाच्या बुंध्याशी सरकून नव्या मुळांना झाकते. दुसरी कोळपणी पाचव्या आठवड्यात व तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करण्याचा जो परिपाठ आहे, त्यातील तिसरी कोळपणी मुख्यतः भेगा बुजविण्यासाठी असते. काळी जमीन सुकताना आकसते व फाटते. भेगेतून खोलवरची ओल उडून जाते एवढ्यावर न थांबता, भेग ज्या मुळाच्या वाटेत येते ते मूळ ओढले जाऊन तुटते. तण नाही म्हणून तिसरी कोळपणी सोडून देणारे शेतकरी पुष्कळ आढळतात. भेगांचा विचार केला तर ते तोट्याचे आहे.

मुळांचे पाणी शोषण्याचे काम त्यांच्या टोकामागील थोड्याशा भागावर असलेले सूक्ष्म केस करतात. जाड मुळे ही बव्हंशी वाहतुकीची व आधाराची. या केसांची संख्या किती असू शकते याची कल्पना सहज येत नाही. डिटमर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत राय या गव्हासारख्या तृणधान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाच्या सर्व मुळांची एकत्र लांबी ६०० किलोमीटरांहून अधिक आणि त्यांवरील केसांची लांबी १०,००० किलोमीटरांहून अधिक भरली. रोप उपटले की हे केस मातीतच राहतात. हातात येतो तो मुळांचा फक्त सांगाडा. म्हणूनच नांगे भरण्यासाठी ज्वारीचे रोप उपटून दुसरीकडे लावण्याचा खटाटोप कोरडवाहूत सहसा फळत नाही.

मका व ज्वारी यांची तुलना केली असता ज्वारीच्या मुळांना उपमुळे सुमारे दुप्पट फुटतात आणि पानांचा विस्तार मात्र मक्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, असे आढळून आले आहे. पाणी मिळविणारे हात दुप्पट आणि खर्च करणारी तोंडे निम्मी, असा हा संसार आहे. खोल काळ्या जमिनीत ही मुळे दीड मीटरपर्यंत व त्याखालीही जातात. ओल आपण होऊन फारशी वर चढत नाही. मुळालाच तिच्याकडे जावे लागते, आणि ही खाली जाण्याची चाल फुलोऱ्याच्या सुमारास बहुतेक थांबते. तोपर्यंत जेवढी खोली गाठली तेवढ्याच ओलीवर दाणे भरावयाचे असतात. पावसाळ्यात लहान वाफे बांधून पाणी जागच्या जागी मुरविण्यावर कोरडवाहू तंत्राचा जो भर आहे तो यासाठीच. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले तेव्हापासून या विषयाकडे विशेष लक्ष दिले गेले आहे.

मुळे अन्नद्रव्ये घेतात तीही पाण्यात विरघळलेलीच. कोरड्या थरात पडलेले खत त्यांच्या दृष्टीने नसल्यासारखेच होय. कोरडवाहू रब्बीत खताची सर्व मात्रा पेरणीच्या वेळी दोन चाड्यांच्या पाभरीने ओलीत पेरून द्यावी; उभ्या पिकात वरून फेकलेले नत्र पुष्कळदा पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहते.

खोड

पेरणीनंतर पहिला महिनाभर ज्वारीला खोड असे दिसत नाही. दिसतो तो एकात एक गुंडाळलेल्या पानांचा पोंगा. खरे खोड त्या वेळी जमिनीलगत किंवा किंचित खाली, बोटाच्या पेराहूनही लहान असते आणि त्याच्या टोकाशी वाढीचा कोंब असतो. तीस दिवसांचे एखादे रोप मुळासकट काढून, पाने एकेक सोलून, बुंधा मधोमध उभा चिरला तर हा पांढुरका, टाचणीच्या डोक्याएवढा कोंब साध्या डोळ्यांनी पाहता येतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेताच्या बांधावर हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही आणि पाहणाऱ्यास ते विसरता येत नाही.

हा कोंब प्रथम केवळ पानेच तयार करतो. साधारण महिनाभराने त्याचे काम पालटते. पाने बनविणे थांबते आणि तेथेच सूक्ष्म कणसाची घडण सुरू होते. म्हणजे वरून पाहणाऱ्याला ज्या पिकात अजून पोंग्याखेरीज काही दिसत नाही, त्याच्या पोटात कणीस किती मोठे व्हावयाचे हे ठरू लागलेले असते. पाणी देण्याची सोय असलेल्यांना २८ ते ३० दिवसांचे पहिले पाणी सांगितले जाते, ते या वेळेस गाठून.

कोंब कोठे आहे हे कळले म्हणजे एक कोडेही उलगडते. नाकतोड्याने किंवा चुकार जनावराने वरची पाने खाल्लेले कोवळे रोप पुन्हा उभे राहते, कारण त्याचा कोंब खाली सुरक्षित असतो. उलट खोडमाशीने ग्रासलेल्या रोपाची बाहेरची पाने धड असतात आणि तरी ते जाते. ही माशी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते. अळी पोंग्यातून खाली उतरून नेमका वाढीचा कोंब कापते. मधले पान सुकते, ओढले की सहज हातात येते, व त्याच्या टोकाला कुजकट वास येतो. यालाच पोंगेमर म्हणतात. त्यानंतर तळच्या गाठींवरील डोळे जागे होऊन फुटवे येतात, पण बादलीतले पाणी एव्हाना कमी झालेले असते व फुटव्यांची कणसे मागाहून येतात. सप्टेंबरच्या मध्यापूर्वी पेरलेल्या रब्बी ज्वारीवर खोडमाशी अधिक पडते, आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरली तर ओल कमी पडते. पेरणीचा महिना या दोहोंच्या मध्ये बसविलेला आहे.

पुढे कांडी झपाट्याने लांबतात व कोंब कणसासह वर उचलला जातो. खोडाचे काम दुहेरी वाहतुकीचे असते. मोडलेल्या ताटाच्या भुसभुशीत गरात दोऱ्यांसारखे जे तंतू दिसतात, त्या या वाहतुकीच्या वाटा होत. प्रत्येक दोऱ्यात एका नळीतून मुळांकडील पाणी वर जाते आणि शेजारच्या दुसऱ्या नळीतून पानांत तयार झालेली साखर जिथे गरज असेल तिकडे, मुळाकडे किंवा कणसाकडे, वाहते. मावा पडलेल्या शेतात पानांवर जो चिकटा साचतो तो या दुसऱ्या नळीतील रसाचाच असतो. मावा सोंड खुपसून तो रस पितो व जास्त झालेली साखर बाहेर टाकतो. चिकटा म्हणजे दाण्यात जावयाचा माल पानावर सांडलेला आहे.

खोड कोठारही असते. फुलोऱ्यापूर्वी जास्त झालेली साखर त्याच्या गरात साठते, आणि दाणे भरताना पानांची मिळकत अपुरी पडली तर ताट हा साठा उपसून कणसाला देते. थोडा उपसा हितकारकच असतो. परंतु जमीन कोरडी पडून पाने अकाली वाळली की कोठार पुरते रिकामे होते, गर आक्रसतो, आणि जमिनीत दबा धरून असलेली खडखड्या रोगाची बुरशी दुबळ्या झालेल्या बुंध्यात शिरते. मग दाणे भरण्याच्या ऐन वेळी ताटे तळाशी मोडून पडतात; चिरून पाहिल्यास आत नुसते सुटे तंतू व कोळशाच्या भुकटीसारखे काळे कण दिसतात. ही बुरशी बाहेरून येत नाही, जमिनीतच असते. सशक्त ताटात तिला शिरकाव मिळत नाही एवढेच. मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात इतकी वर्षे शेतकऱ्यांनी सोडली नाही, याचे श्रेय तिच्या मोत्यासारख्या दाण्याइतकेच ओलीचा ताण सोसून राहणाऱ्या तिच्या ताटालाही आहे.

पाने

शंभर किलो वाळलेला कडबा जाळला तर राख दहा किलोंच्या आतच उरते. जमिनीतून घेतलेली खनिजे एवढीच. बाकीचा सारा माल हवेतील कर्बवायू व मुळांनी आणलेले पाणी यांपासून उन्हाच्या बळावर पानांतील हरितद्रव्याने तयार केलेला असतो. शेतकरी खताला पिकाचे अन्न म्हणतो व ते चूकही नाही. पण खरा स्वयंपाक पानांत होतो, खत हे त्यातील मीठ होय. मीठ नसेल तर जेवण बिघडते, आणि मिठाने पोट भरत नाही.

कर्बवायू आत घेण्यासाठी पानांवर असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. ती उघडली की वायू आत येतो, त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. एका ताटाच्या अकरा लिटरांपैकी जवळजवळ सर्व पाणी असे वाफ होऊन जाते. अंगात राहते ते फारच थोडे. हा अपव्यय नव्हे, ती अन्नाची किंमत आहे. ज्वारी ती किंमत काटकसरीने मोजते. तिच्या पानांवर व आवरणांवर मेणचट पांढरी भुकटी असते, त्यामुळे सालीतून पाणी सहसा उडत नाही. दुपारी ओल कमी पडली की पान लांबट गुंडाळले जाऊन उन्हात कमी भाग उघडा राहतो. दुपारी गुंडाळलेली पाने संध्याकाळी उलगडली तर काळजीचे कारण नाही. सकाळीही ती गुंडाळलेलीच दिसली तर मुळांना ओल सापडत नाही असे समजावे, आणि विहिरीला पाणी असल्यास त्या दिवशी विचार करीत बसू नये.

आता पाने काढण्याच्या प्रथेविषयी. डिसेंबर-जानेवारीत गोठ्यातील चारा संपत येतो आणि शेतात उभी ज्वारी हिरवीगार असते. अशा वेळी उभ्या ताटांची पाने ओरबाडून जनावरांपुढे टाकण्याची चाल काही भागांत आहे. ज्याची जनावरे उपाशी आहेत त्याला पाने काढू नका एवढेच सांगणे हे सोपे, पण निरुपयोगी आहे. कोणती पाने काढल्याने काय होते हे सांगितले पाहिजे.

दाण्यात भरणारे बहुतेक अन्न फुलोऱ्यानंतरच तयार होते, आणि ते तयार करण्याचे काम मुख्यत्वे वरची चार-पाच पाने करतात. ती उन्हात असतात आणि कणसाजवळ असतात. तळची पाने तोवर सावलीत पिवळी पडू लागलेली असतात. त्यांची मिळकत जेमतेम त्यांच्या स्वतःच्या खर्चापुरती. म्हणून दाणे भरत असताना तळची पिवळी पडलेली दोन-तीन पाने काढली तर कणसाचे फारसे बिघडत नाही. वरची हिरवी पाने काढली तर दाण्याची वाट तोडल्यासारखे होते. कणीस मग खोडाच्या कोठारावर तुटून पडते व वर सांगितलेल्या खडखड्याला दार उघडून मिळते. त्या दिवशी मिळालेल्या मूठभर हिरव्या पानांच्या मोबदल्यात दाणा हलका होतो आणि ताट मोडून कडबाही खराब होतो. दाण्याच्या तळाशी काळा ठिपका येईपर्यंत वरच्या पानांना हात लावू नये.

कोवळ्या पानांबद्दल आणखी एक सूचना. लहान ज्वारीच्या, तसेच खुंटलेल्या किंवा कापणीनंतर नव्याने फुटलेल्या पोंग्यांमध्ये असे एक द्रव्य असते की ते जनावराच्या पोटात गेल्यावर त्यातून अत्यंत विषारी वायू सुटतो. यालाच किराळ लागणे म्हणतात. जनावर काही मिनिटांतच धापा टाकू लागते व दगावते. ओलीच्या ताणात वाढलेल्या कोवळ्या पिकात हे द्रव्य विशेष असते. विरळणीत काढलेली कोवळी रोपे भुकेल्या जनावरापुढे टाकू नयेत, व खुंटलेल्या शेतात जनावरे सोडू नयेत. ताट फुलोऱ्यावर आल्यावर हा धोका पुष्कळ कमी होतो, आणि नीट वाळलेल्या कडब्यात तो सहसा राहत नाही.

कणीस व दाणा

पन्नास ते पंचावन्न दिवसांनी शेवटच्या पानाचे आवरण फुगते. ही पोटरी. कणीस आत पूर्ण घडलेले असते व बाहेर पडण्याच्या तयारीत असते. या वेळेपासून फुलोऱ्यापर्यंत ताटाला पाण्याची गरज सर्वाधिक भासते. संरक्षित पाणी एकदाच देण्याइतके असेल तर ते पोटरीच्या सुमारास देणे शहाणपणाचे ठरते.

फुलोरा कणसाच्या शेंड्यापासून सुरू होऊन खाली उतरतो व सुमारे आठवडाभरात पुरा होतो. ज्वारीच्या बहुतेक फुलांत त्याच फुलाचे पराग पडतात, तरी काही दाणे शेजारच्या कणसावरून वाऱ्याने आलेल्या परागांचे असतात. दोन जाती अगदी शेजारी पेरून त्यांतून बियाणे धरू नये ते यासाठी. संकरित जातीचे, मग ते १९६४ साली प्रसारित झालेल्या पहिल्या संकरित ज्वारीचे असो वा आजच्या, घरचे बी पेरण्यात अर्थ नाही. पुढच्या पिढीत ताटे एकसारखी येत नाहीत. मालदांडीसारख्या सरळ जातीचे बी मात्र उभ्या शेतातील सशक्त, निरोगी ताटांवरील कणसे निवडून धरता येते. खळ्यावरच्या ढिगातून कणीस निवडले तर ते कोणत्या ताटावर आले होते हे कळत नाही.

दाणा प्रथम दुधाळ असतो, मग चिकात येतो. हुरड्याच्या अवस्थेत त्यात साखर अजून भरपूर असते, तिचे पीठ पुरते झालेले नसते, म्हणून हुरडा गोड लागतो. खाणाऱ्याच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की त्या वेळी दाण्याच्या अंतिम वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन भरावयाचे राहिलेले असते. हुरडा झाला म्हणजे पीक हाती आले असे समजून पाखरे राखणे सैल करणाऱ्याला याचा फटका बसतो.

दाणा तयार झाल्याची खूण त्याच्या तळाशी, जेथे तो कणसाला चिकटलेला असतो तेथे मिळते. काळा ठिपका दिसला म्हणजे ताटाकडून दाण्याकडे येणारी नळी बंद झाली. यानंतर वजन वाढत नाही. दाण्यात या वेळी सुमारे ३० टक्के ओलावा असतो व पुढे तो फक्त वाळत जातो. ठिपका येण्यापूर्वी काढणी केल्यास दाणा सुरकुततो. ठिपका आल्यानंतर पीक उगाच उभे ठेवण्यात लाभ नसतो, उलट पाने गळून कडब्याचा कस उतरतो.

धसकट

काढणीनंतर शेतात उरते ते धसकट, म्हणजे खोडाचा तळ व मुळांचा संच. खडखड्या पडलेल्या शेतातील धसकटे वेचून जाळावीत. बुरशीचे काळे कण त्यांत वर्षानुवर्षे टिकतात, आणि त्या शेतात पुढील रब्बीत ज्वारीऐवजी करडई किंवा हरभरा घ्यावा. हरभऱ्यावरही ही बुरशी येऊ शकते, म्हणून रोग फार असेल तेथे करडईचीही रोपे तपासून पाहावीत व लागोपाठ तेच पीक टाळावे. निरोगी शेतात धसकटे नांगराने गाडण्यास हरकत नाही. मात्र ज्वारीच्या मुळांत व बुंध्यात साखर बरीच असल्याने ती कुजविणारे जीवाणू एकदम वाढतात आणि स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतील नत्र काही काळ अडकवून ठेवतात. ज्वारीमागून लगेच घेतलेले तृणधान्य पिवळे पडते ते बहुधा यामुळे. धसकटे उन्हाळ्याच्या सुरुवातीसच नांगरून ठेवली आणि पहिल्या पावसानंतर कुजण्यास तीन-चार आठवडे मिळाले म्हणजे तो नत्र हळूहळू मोकळा होतो. कुजलेल्या मुळांच्या जागी उरलेल्या बारीक पोकळ्यांतून जून-जुलैचे पाणी खाली उतरते.